प्रवाह, भिंत आणि मापन : मेंदूतील अ‍ॅन्युरिझमच्या उपचारांमागील रक्तप्रवाहाचे शास्त्र
(प्रस्तावना)

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी, बहुधा धमनीला जिथे फाटा फुटतो त्या बेचक्यात, दुबळी होऊन बाहेरच्या बाजूला फुगते, तेव्हा त्या फुगवट्याला वैद्यकात अ‍ॅन्युरिझम म्हणतात. मराठीत त्यासाठी धमनीविस्फार असा शब्द लिहिला जातो, शाळेच्या पुस्तकांत धमनीलाच रोहिणी म्हटलेले असते, आणि रुग्णाच्या घरात मात्र ‘डोक्यात फुगा आहे’ आणि तो फुटल्यावर ‘डोक्यातली नस फुटली’ हीच भाषा चालते. प्रस्तुत ग्रंथात धमनी, अ‍ॅन्युरिझम आणि फुगा हे तिन्ही शब्द मोकळेपणाने वापरले आहेत, कारण हा विषय शस्त्रक्रियागृह, अभियंत्याचे टेबल आणि रुग्णाचे घर अशा तिन्ही ठिकाणी सारखाच जिवंत आहे आणि या तिघांना एकमेकांची भाषा कळणे ही ग्रंथाची पहिली गरज आहे.

असे फुगे दुर्मिळ नाहीत. प्रौढ माणसांपैकी शंभरातील सुमारे तिघांच्या मेंदूत एखादा तरी फुगा असतो, आणि त्यांतील बहुतेक जण त्याचा पत्ता न लागता पूर्ण आयुष्य जगतात. जो थोडा भाग फुटतो त्याची किंमत मात्र मोठी असते : मेंदू आणि त्याच्या जाळीदार आवरणाच्या मधल्या पोकळीत रक्त पसरते, असे सुमारे एक-तृतीयांश रुग्ण दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांच्या बोलण्याचालण्यात, स्मरणशक्तीत किंवा कामाच्या क्षमतेत कायमची उणीव राहते. उपचारही निर्धोक नाहीत. कवटी उघडून किंवा धमनीतून नळी नेऊन केलेल्या कोणत्याही उपायात पक्षाघाताचा वा मृत्यूचा काही ना काही धोका असतोच. म्हणून दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एम.आर.आय.मध्ये योगायोगाने सापडलेल्या, न फुटलेल्या फुग्यापुढे डॉक्टर आणि रुग्ण उभे राहतात तेव्हा प्रश्न एकच असतो : हा फुगा फुटणाऱ्यांपैकी आहे की न फुटणाऱ्यांपैकी? रक्तप्रवाहाच्या प्रतिमानांचे आणि मापनाचे सारे शास्त्र या एका प्रश्नाभोवती वाढले आहे.

त्याचे आजचे प्रचलित उत्तर मुख्यतः मोजपट्टीचे आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने सात मिलिमीटर ही सीमारेषा रूढ केली. त्याहून लहान आणि मेंदूच्या पुढच्या अभिसरणातील फुगे, पूर्वी रक्तस्राव झालेला नसल्यास, पाच वर्षांत जवळजवळ फुटत नाहीत असे त्यातून दिसले. पण रक्तस्राव होऊन रुग्णालयात येणाऱ्यांमध्ये सात मिलिमीटरहून लहान फुगे असलेले रुग्ण सर्रास आढळतात, आणि ही विसंगती अजून पूर्ण सुटलेली नाही. २०१२ मध्ये जपानमधील ५,७२० रुग्णांच्या अभ्यासाने फुटण्याचा सरासरी दर वर्षाला ०.९५ टक्के सांगितला. त्यानंतर २०१४ मध्ये ‘फेजेस’ नावाची गुणपद्धती आली. तीत रुग्णाचा देश, रक्तदाब, वय, फुग्याचा आकार, पूर्वीचा रक्तस्राव आणि फुग्याची जागा या सहा बाबींना गुण देऊन धोका काढला जातो. या पद्धतीचे दोन दोष मराठी वाचकाने नीट लक्षात घ्यावेत असे आहेत. तिच्या सहा बाबींत रक्तप्रवाहाचा एकही आकडा नाही. आणि तिच्या लोकसमूहांत फिनलंड आहे, जपान आहे, उत्तर अमेरिका आणि उर्वरित युरोप आहे, भारत नाही. रत्नागिरीच्या रुग्णाला गुण देताना डॉक्टरला त्याला कुठल्यातरी परक्या रांगेत उभे करावे लागते.

फुगा मेंदूतच एवढा घातक का ठरतो, याचे उत्तर शरीररचनेत आहे. थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मेंदूच्या तळाशी असलेले धमन्यांचे कडे दाखवले, आणि त्यातील चित्रे ख्रिस्तोफर रेन या पुढे वास्तुशिल्पी म्हणून गाजलेल्या गृहस्थांनी काढली. मानेतून वर येणाऱ्या चार धमन्या या कड्यात एकमेकींना मिळतात आणि तिथून फाटे फुटून मेंदूभर जातात. शरीराच्या वजनाच्या अवघ्या दोन टक्के असलेल्या या अवयवाला हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पंधरा टक्के भाग, म्हणजे मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त लागते. एवढा प्रवाह वाहणाऱ्या या धमन्यांची भिंत शरीरातील इतर धमन्यांपेक्षा पातळ असते, तिचा बाहेरचा लवचिक थर जवळपास नसतोच, आणि भोवती स्नायूंचा आधार नसून पाण्यासारखा द्रव असतो. फुगा झाला की भिंतीचा मधला स्नायूंचा थरही त्या जागी नाहीसा होतो. कड्यातील वळणे आणि बेचके ही म्हणून मुळातच जोखमीची ठिकाणे आहेत.

उपचारांचा इतिहास सांगताना हत्यारांची नावे आणि शोधकांचा क्रम देण्याची प्रथा आहे. या ग्रंथाची दृष्टी थोडी वेगळी आहे : प्रत्येक उपचार म्हणजे प्रवाहाला दिलेली एक आज्ञा आहे, असे मानून तो इतिहास वाचावा. लिस्बनमध्ये इगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये धमनीत क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव सोडून मेंदूतील रक्तवाहिन्यांचे चित्र घेतले आणि जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्या प्रथमच दिसू लागल्या. एडिंबरोत नॉर्मन डॉट यांनी १९३१ मध्ये फुटलेल्या फुग्याला स्नायूचा तुकडा लपेटून भिंतीला बाहेरून टेकू दिला. बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये फुग्याच्या मानेवर चांदीची क्लिप लावली. तिचा अर्थ होता, रक्ताने आत यायचेच नाही. महमूद गाझी याशारगिल यांच्या पिढीने सूक्ष्मदर्शकाखाली हीच क्लिप अचूक केली. मॉस्कोत फ्योदोर सर्बिनेंको यांनी १९७० च्या दशकात धमनीतून नेऊन सोडता येणारे बलून वापरले, आणि इटालियन डॉक्टर ग्विदो गुग्लिएल्मी यांनी लॉस एंजेलिसमध्ये १९९१ च्या सुमारास प्लॅटिनमची विलग होणारी कॉइल आणली, जी फुग्यात गुंडाळी होऊन बसते, आतले रक्त थबकवते आणि त्याची गुठळी होऊ देते. २००२ मध्ये २,१४३ रुग्णांच्या चाचणीत, फुटलेल्या आणि दोन्ही उपाय शक्य असलेल्या फुग्यांबाबत, एका वर्षानंतर परावलंबी किंवा मृत रुग्णांचे प्रमाण कॉइलनंतर २३.७ टक्के आणि क्लिपनंतर ३०.६ टक्के आढळले, आणि जगभरची प्रथा बदलली.

पण या विषयाला खरे वळण मिळाले ते प्रवाह वळवणाऱ्या जाळीने, म्हणजे फ्लो डायव्हर्टरने, ज्याच्या एका प्रकाराला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. ही बारीक विणीची धातूची नळी फुग्यात न जाता मूळ धमनीतच बसते, फुग्याच्या तोंडावरून रक्ताला सरळ पुढे जायला लावते, आत जाणारा प्रवाह मंदावते, आणि आठवड्या-महिन्यांत आतले रक्त गोठून फुगा बंद होतो. मान्यतेला आधार ठरलेल्या चाचणीत सहा महिन्यांनी सुमारे तीन-चतुर्थांश फुगे पूर्ण बंद झाले होते. उरलेले का झाले नाहीत, हा प्रश्न आता उघडउघड प्रवाहाचा प्रश्न आहे. इथे औषधच प्रवाहाचे आहे, आणि ज्याची मात्रा मोजता येत नाही असे औषध वैद्यकाला फार काळ मानवत नाही.

भारतात हा प्रवास उशिरा पण निश्चयाने सुरू झाला. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला आणि बी. राममूर्ती यांनी १९५० मध्ये मद्रासला मेंदूशस्त्रक्रियेचे विभाग सुरू केले, १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि त्याच दशकात मुंबईत राम गिंडे आणि के.ई.एम. रुग्णालयात होमी दस्तूर यांनी या शाखेचा पाया घातला. त्या काळात भारतीयांमध्ये अ‍ॅन्युरिझम कमी आढळतो असा समज होता; राममूर्तींनी १९६९ मध्ये या प्रश्नावर शोधनिबंधच लिहिला. पुढे अँजिओग्राफी आणि सी.टी. यांचा प्रसार झाला तसे निदानही वाढत गेले. जे शोधले गेले नाही ते नसतेच असे मानण्याची चूक किती सहज होते, याचा हा धडा प्रवाहमापनालाही लागू आहे.

दुसरा धागा भौतिकीचा आहे, आणि त्याचे मूळही बरेचसे डॉक्टरांच्याच हाती सापडते. विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडले. प्रकाशाच्या तरंगांसाठी प्रसिद्ध असलेले थॉमस यंग हे व्यवसायाने वैद्य होते आणि १८०८ मध्ये त्यांनी हृदय व धमन्यांच्या कार्यावर व्याख्यान दिले. पॅरिसचे वैद्य झाँ पोआझय यांनी १८४० च्या दशकात बारीक काचनळ्यांतील प्रवाह अतिशय काळजीने मोजून नियम बसवला की दाब तोच राहिला तर प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. चिकट द्रवाच्या गतीची पूर्ण समीकरणे नाव्हिए यांनी १८२२ मध्ये आणि स्टोक्स यांनी १८४५ मध्ये दिली. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले, तेव्हा तिथल्या गणिताच्या मानाच्या ल्युकेशियन अध्यासनावर हेच स्टोक्स होते. रत्नागिरी जिल्ह्याला ती समीकरणे वाटतात तितकी दूरची नाहीत. धमनीतील प्रवाह संथ नसून ठोक्याठोक्याने धावतो हे लक्षात घेऊन १९५५ मध्ये वोमर्स्ली यांनी स्पंदित प्रवाहाचे उत्तर काढले, आणि तिथून धमनीचे गणित स्वतःच्या पायांवर उभे राहिले.

या गणितातील मध्यवर्ती राशीला कर्तन-प्रतिबल म्हणतात. रक्त भिंतीवर दोन प्रकारे काम करते : दाब भिंतीला बाहेर ढकलतो, आणि वाहते रक्त भिंतीला स्वतःबरोबर पुढे ओढते. ही ओढ म्हणजे कर्तन-प्रतिबल. ग्रंथात तिला बहुतेक ठिकाणी ‘भिंतीवरची ओढ’ असेच म्हटले आहे. तिचे आकारमान आश्चर्य वाटावे इतके लहान असते. पाऱ्याचा १०० मिलिमीटर दाब म्हणजे सुमारे १३,००० पास्कल, तर निरोगी धमनीतील ओढ अवघी एक ते दोन पास्कलच्या आसपास. तरीही धमनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना ही ओढ जाणवते. तिची दिशा आणि जोर ओळखून त्या भिंत जाड करायची की पातळ, दाह वाढवायचा की शमवायचा हे ठरवणारी रसायने सोडतात. दाब भिंत फाडतो हे खरे, पण कोणती भिंत फाटण्याजोगी होईल हे ठरवण्यात ओढीचा मोठा वाटा आहे.

रत्नागिरीच्या वाचकाला ही गोष्ट किनाऱ्यावरून समजू शकते. मिऱ्याच्या किनाऱ्यावर लाटा थेट आदळतात तिथे जमीन खचत जाते आणि बंधारा घालावा लागतो. भाट्याच्या खाडीच्या मुखाशी पाणी मंदावते तिथे गाळ साचतो आणि होड्यांची वाट अडते. पाणी एकच, समुद्र एकच, पण आघात आणि साचलेपण या दोन्हींनी किनारा बिघडतो, आणि दोन्ही ठिकाणी बिघाडाची रीत निराळी असते. उपमा इथेच थांबवावी लागते, कारण किनारा मृत मातीचा असतो आणि धमनीची भिंत जिवंत असते. ती प्रवाहाला उत्तर देते.

संशोधकांचे पंथ याच दोन टोकांभोवती पडले. क्योटोच्या नोबुओ हाशिमोतो आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये उंदरांच्या मानेतील धमनी बांधून आणि रक्तदाब वाढवून मेंदूत फुगे निर्माण करून दाखवले. प्रवाह बदलला की रोग उपजतो याचा तो ठोस पुरावा होता. पुढे हुई मेंग यांच्या गटाने कुत्र्यांमध्ये धमन्यांचा कृत्रिम फाटा तयार केला आणि प्रवाहाचा झोत जिथे बेचक्यावर आदळून वेग घेतो तिथेच भिंतीची झीज सुरू होते असे दाखवले. हा जोराच्या ओढीचा पंथ. उलट बाजूने, २००४ मध्ये जपानी संशोधकांनी फुटलेल्या फुग्यांच्या माथ्याशी ओढ फार कमी असते असे गणनेतून मांडले. त्यांच्या मते मंदावलेल्या रक्तात दाहपेशी भिंतीत शिरतात आणि तिला आतून कुरतडतात. एकच राशी वाढली तरी वाईट आणि घटली तरी वाईट, या गोंधळातून बाहेर काढणारी मांडणी मेंग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये केली : फुगा उपजतो तो जोराच्या ओढीने, आणि वाढून फुटतो तो दोन वाटांनी, त्यांतील एक वाट जोराच्या ओढीची व भिंतीच्या पेशींच्या झिजेची, दुसरी मंद ओढीची व दाहाची. तिसरा पंथ भिंतीचा आहे. फिनलंडच्या युहाना फ्रोसेन यांनी २००४ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या फुग्यांच्या भिंती सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दाखवले की फुटलेल्या आणि न फुटलेल्या भिंतींच्या घडणीतच फरक असतो. या पंथाचा आग्रह असा की प्रवाह कितीही मोजा, भिंतीची ताकद कळल्याशिवाय निकाल देता येणार नाही. तो आग्रह न्याय्य आहे.

चौथा पंथ शंका घेणाऱ्यांचा आहे आणि प्रस्तावनेत त्याला इतरांइतकीच जागा देणे आवश्यक वाटते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रुग्णाच्या स्वतःच्या अँजिओग्राफीवरून संगणकात त्याची धमनी उभी करून तीतील प्रवाह सोडवण्याची पद्धत रूढ झाली. चित्रातून धमनीची कड काढायची, आतल्या पोकळीचे लाखो लहान तुकड्यांत जाळे विणायचे, रक्त कोणत्या वेगाने आत शिरते आणि कोणत्या वाटेने बाहेर पडते हे सांगायचे, आणि नाव्हिए-स्टोक्स समीकरणे प्रत्येक तुकड्यासाठी, हृदयाच्या एका ठोक्याच्या शेकडो क्षणांसाठी सोडवायची. शेवटी लाल-निळ्या रंगांत भिंतीवरची ओढ दाखवणारे देखणे चित्र मिळते. २०१२ मध्ये डेव्हिड कॅल्म्स या अमेरिकी रेडिओलॉजिस्टनी संपादकीय लिहून विचारले की या चित्रांनी डॉक्टरांचे ज्ञान वाढते आहे की संभ्रम. प्रत्येक गट वेगळी राशी काढतो, वेगळी गृहीतके धरतो, वेगळा निष्कर्ष सांगतो, असा त्यांचा आक्षेप होता. त्यावर बरीच नाराजी उमटली, पण शास्त्राच्या दृष्टीने तो आक्षेप उपकारक ठरला, कारण त्यानंतर एकच फुगा अनेक गटांना सोडवायला देऊन उत्तरे ताडून पाहण्याचे उपक्रम गांभीर्याने घेतले जाऊ लागले. त्यांतून दिसले की समीकरणे सोडवण्यात गट फारसे चुकत नाहीत; चित्रातून धमनीची कड काढतानाच ते एकमेकांपासून दुरावतात.

ही चूक किती महागात पडते हे साध्या हिशोबाने समजते. सरळ नळीत प्रवाह तेवढाच असेल तर भिंतीवरची ओढ त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. अडीच मिलिमीटर रुंदीची धमनी चित्रात पाव मिलिमीटरने, म्हणजे दहा टक्क्यांनी अरुंद वाचली गेली, तर ओढ सुमारे ३७ टक्क्यांनी जास्त निघते. आणि पाव मिलिमीटर हे अंतर नेहमीच्या सी.टी. अँजिओग्राफीच्या एका ठिपक्याहूनही लहान असते. दुसरी चूक आत शिरणाऱ्या प्रवाहाची. बहुतेक प्रतिमानांत रुग्णाचा स्वतःचा प्रवाह मोजलेला नसतो. परदेशातील मोजक्या निरोगी तरुणांच्या धमन्यांत मोजलेली स्पंदनाची सरासरी साठीच्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला बसवलेली असते. भिंत दगडासारखी ताठ आहे आणि रक्त पाण्यासारखे एकसारखे चिकट आहे ही गृहीतके त्यामानाने कमी घातक आहेत. चुकीच्या आकड्यांतून आलेले चित्र बरोबर आकड्यांतून आलेल्या चित्राइतकेच सुबक दिसते, हा या क्षेत्रातील सर्वात मोठा धोका आहे.

हृदयाच्या बाबतीत गणनेचे चित्र असे पडताळणीविना राहिले नाही, आणि त्याचे कारण उद्बोधक आहे. हृदयाच्या धमनीतील अडथळा किती बाधक आहे हे सी.टी.वरून गणनेने सांगणाऱ्या पद्धतीला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली, कारण तिथे गणनेचे उत्तर पडताळायला मोजमाप उपलब्ध होते : धमनीत दाब मोजणारी तार घालून अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब प्रत्यक्ष ताडता येत होता. मेंदूतील फुग्याच्या भिंतीवरची ओढ अशी थेट मोजणारे कोणतेही साधन आज नाही. म्हणून प्रतिमान आणि मापन हे दोन स्वतंत्र विषय नाहीत. मापनाविना प्रतिमान म्हणजे साक्षीदाराविना दिलेला निकाल, असे या ग्रंथाचे स्पष्ट मत आहे.

मापनाची साधने मात्र वाढत आहेत. १९८२ मध्ये रुने आस्लिड आणि सहकाऱ्यांनी कानशिलाच्या पातळ हाडातून ध्वनिलहरी पाठवून मेंदूतील धमनीतील रक्ताचा वेग मोजला. ही डॉप्लर पद्धत खाटेशेजारी, रुग्णाला न हलवता, रोज करता येते. फुगा फुटल्यानंतर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसांत मेंदूच्या धमन्या आकसतात आणि उपचार यशस्वी झालेला रुग्णही त्या आकसण्यामुळे पक्षाघाताने खचू शकतो. पाइपच्या तोंडावर बोट धरले की पाण्याची धार जोरात उडते, तसा आकसलेल्या धमनीत वेग वाढतो. सेकंदाला १२० सेंटिमीटरच्या पुढचा वेग सावध करतो आणि २०० च्या पुढचा धोक्याची सूचना देतो. वेग वाढला तो धमनी आकसल्याने की एकंदर प्रवाहच वाढल्याने, हे मानेतील धमनीच्या वेगाशी त्याचे गुणोत्तर काढून ओळखता येते. प्रवाहमापनाने उपचार बदलतो याचे हे सर्वात साधे आणि सर्वात सिद्ध उदाहरण आहे, आणि ते महागड्या यंत्राचे नाही ही बाब अधोरेखित करावीशी वाटते. एम.आर.आय.च्या साहाय्याने आता तिन्ही दिशांतील वेग काळाबरोबर मोजता येतो, पण त्याचा ठिपका अर्धा ते एक मिलिमीटरचा असल्याने भिंतीलगतचा वेग, म्हणजे नेमका जो हवा तोच, पुसट येतो. शस्त्रक्रियेत उघड्या धमनीभोवती बसवायचे प्रवाहमापक आणि हिरव्या रंगद्रव्याचे चमकणारे चित्र हे क्लिप लावल्यावर शेजारची फांदी बंद तर झाली नाही ना, याचे उत्तर तिथल्या तिथे देतात. प्रयोगशाळेत रुग्णाच्या फुग्याची पारदर्शक प्रतिकृती बनवून तीतून कण मिसळलेला द्रव फिरवला जातो आणि लेझरच्या उजेडात कणांचा प्रवास टिपला जातो. अलीकडे यंत्रशिक्षणाची भर पडली आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात प्रवाहाची समीकरणे शिकवलेल्या संगणकीय जाळ्याने द्रव्याच्या पसरण्याच्या चित्रांवरून फुग्यातील वेग आणि दाब काढून दाखवले. हे आशादायक आहे, पण तिथेही शिकवण्यासाठी आणि पडताळण्यासाठी मोजलेले आकडेच लागतात.

हा विषय मराठीत, आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्याला समोर ठेवून, आत्ताच का मांडावा? सी.टी. आणि एम.आर.आय. केंद्रे जिल्ह्याच्या गावी पोहोचली आहेत, त्यामुळे योगायोगाने सापडणारे फुगे वाढणार. त्यांच्यावर उपचार करणारी केंद्रे मात्र मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोवा अशी दूर आहेत. कोल्हापूरला जायचे तर रुग्णाला आंबा घाट चढून जावे लागते आणि पावसाळ्यात घाटाचा भरवसा नसतो. रुग्णाचा प्रवास अवघड असला तरी त्याच्या तपासणीची चित्रे क्षणात जाऊ शकतात, आणि प्रतिमानाला चित्रेच लागतात. ज्या गणनेला एके काळी महासंगणक लागला असता ती आज चांगल्या संगणकावर काही तासांत होते. ज्या देशात १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने ‘परम’ हा महासंगणक बनवला, तो देश आता संगणनशक्तीच्या अभावाची सबब सांगू शकत नाही. उणीव आहे ती माणसांच्या एकत्र बसण्याची. रत्नागिरी शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे, चिपळूण तालुक्यात डेरवणला रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. द्रवयांत्रिकी शिकणारा विद्यार्थी आणि धमन्यांची रचना शिकणारा विद्यार्थी एकाच जिल्ह्यात, काही किलोमीटरांवर राहतात आणि एकमेकांचे पाठ्यपुस्तक कधी उघडत नाहीत. फ्लो डायव्हर्टरसारखी उपकरणे महाग आहेत, ती बसवल्यावर रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे महिनोन्‌महिने न चुकता घ्यावी लागतात. असा उपचार कोणाला खरोखर लाभेल हे आधी सांगता येणे, हा जिथे खर्चाचा आणि अंतराचा दोन्ही भार कुटुंबावर पडतो तिथे अधिकच तातडीचा प्रश्न आहे.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत ग्रंथ काय करू पाहतो आणि काय करत नाही, हे सांगणे उचित ठरेल. तो शस्त्रक्रियेचे हस्तपुस्तक नाही आणि संगणकप्रणालीची मार्गदर्शिकाही नाही. धमनीची रचना, प्रवाहाचे नियम, प्रतिमानाची गृहीतके, मापनाच्या पद्धती आणि उपचारांचे निर्णय हे पाच प्रांत एकाच सूत्रात आणण्याचा तो प्रयत्न आहे, आणि ते सूत्र असे की प्रत्येक आकड्यासोबत तो कोणी, कोणावर, कशाने मोजला आणि किती चुकू शकतो हे विचारले गेले पाहिजे. म्हणून ग्रंथातील प्रत्येक गणनेपाशी तिची अनिश्चितताही दिली आहे, जिथे पंथांमध्ये मतभेद आहेत तिथे ते मिटवून टाकलेले नाहीत, आणि फुटण्याचे भाकीत करणारे एकच जादूचे सूत्र देण्याचा मोह टाळला आहे. असे सूत्र आज कोणापाशीही नाही. गणित पदवीच्या पहिल्या वर्षापलीकडे जात नाही. पारिभाषिक शब्द प्रथम येतात तिथेच उलगडले आहेत आणि जिथे रुग्णालयातला रूढ शब्द अधिक स्पष्ट आहे तिथे तोच ठेवला आहे. डॉक्टर वाचकाने समीकरणांची प्रकरणे आणि अभियंता वाचकाने रोगाची प्रकरणे वगळू नयेत, एवढीच अपेक्षा आहे, कारण ज्याला जे परके वाटते तेच त्याच्यासाठी लिहिले आहे.

एक विनंती महाराष्ट्रातील उपचारकेंद्रांना आहे. उपचारापूर्वी आणि उपचारानंतर रुग्णाचा प्रवाह, जमेल त्या साधनाने, निदान डॉप्लरने तरी मोजून नोंदवावा आणि त्या नोंदी नाव-पत्ता वगळून अभ्यासकांना खुल्या कराव्यात. भारतीय रुग्णाला परक्या सरासरीतून बाहेर काढण्याचा दुसरा मार्ग नाही.

दुसरी विनंती त्या वाचकाला आहे ज्याने स्वतःच्या किंवा घरच्या माणसाच्या अहवालात अ‍ॅन्युरिझम हा शब्द वाचून हे पुस्तक उघडले असेल. यातील आकड्यांवरून स्वतःच्या फुग्याचा निकाल लावू नये. तो अहवाल घेऊन मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे, तंबाखू आणि धूम्रपान सोडावे, रक्तदाब नियमित तपासून आटोक्यात ठेवावा. आणि अचानक, क्षणार्धात, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी उठली, मान ताठली, उलटी झाली वा शुद्ध हरपली, तर पित्त समजून घरी थांबू नये, सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवून, सी.टी.ची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात तातडीने पोहोचावे.